परतीची गोळी : ब्रिटनमधल्या कुत्रेवाल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी मंडळाच्या गणपतीला, महाप्रसादाच्या रांगेत मी तुमच्यापैकी तिघांच्या मागे उभी होते. मसालेभात संपत आला होता, रांग हलत नव्हती आणि गप्पा चालल्या होत्या उन्हाळ्याच्या सुट्टीच्या. कोण कुत्र्याला घेऊन फ्रान्समधल्या ब्रिटनीला जाऊन आलं, कोण आल्प्समध्ये. (कुत्र्यासह परतायचा नियम असा : ब्रिटनमध्ये शिरण्याआधी २४ ते १२० तासांत व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, त्याला टेपवर्मची, म्हणजे पट्टकृमीची, गोळी द्यायची आणि तारीख-वेळ कागदावर लिहून शिक्का मारायचा.) एक काका सांगत होते, "टेपवर्मची गोळी मी इथूनच नेली होती. भाड्याच्या घरात पावात घालून दिली आणि तिथल्या डॉक्टरला म्हटलं, दिलीय, तुम्ही फक्त शिक्का मारा. मारला बिचाऱ्याने." त्यांच्या पुढच्या ताई म्हणाल्या, "आम्ही तर सोमवारी जाऊन बुधवारची तारीख घालून घेतली. दोन-दोनदा कोण जाणार?" तिसऱ्या गृहस्थांनी विषय मिटवला, "पासपोर्ट परत येतायत आता. ते आले की ही कटकटच संपली."

मी जिलबी वाढून घेतली आणि गप्प बसले. बोलायला तोंडच नव्हतं. ताईंनी जे केलं, तेच करायला मी तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. फरक इतकाच की माझ्या समोरच्या डॉक्टरबाईंनी मला परत पाठवलं.

आधी तिसऱ्या गृहस्थांचं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात जे ठरलं, त्यात पेट पासपोर्ट पुन्हा सुरू करायचे हे आहे, खरं आहे. ते प्रत्यक्ष हातात पडले की दर खेपेला नवं ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट काढायला नको. मलाही आनंदच होईल. निघण्याआधीच्या दहा दिवसांत काढायचा तो कागदांचा गठ्ठा, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत छापलेला. त्याचे यंदा आमच्या व्हेटने १८० पौंड घेतले. एवढ्यात माझा इकडचा रेल्वेपास निघाला असता. पण तो गठ्ठा मागतं कोण? युरोपीय संघ, आपण तिकडे शिरताना. आणि गोळी मागतं कोण? ब्रिटन, आपण इकडे परतताना. जायचा कागद त्यांचा, परतीचा नियम आपला. २०२० संपेपर्यंत आपल्याकडे पासपोर्ट होतेच की, आणि त्यात या गोळीसाठी वेगळं पान होतं. जुन्या मंडळींना आठवत असेल, २०१२ च्या आधी तर परतताना २४ ते ४८ तास एवढ्याच अवधीत गोळी द्यावी लागायची, वर गोचिडीचं औषध, आणि त्याआधी कधीतरी रेबीजसाठी रक्ताची तपासणी. आता गोचीड गेली, रक्त गेलं, अवधी १२० तासांपर्यंत वाढला. गोळी मात्र राहिली. ती का राहिली, हे मला फ्रान्समधल्या एका गावात कळलं.

आमचा बंड्या जॅक रसेल आहे. सात वर्षांचा, सात किलोंचा, आणि जमिनीत भोक दिसलं की जगाचं भान न राहणारा. यंदा आम्ही स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, ज्युरा पर्वतात पंधरा दिवस घर घेतलं होतं. चारी बाजूंना गाईंची कुरणं, आणि कुरणभर व्होलची बिळं. व्होल म्हणजे आपल्या शेतातल्या उंदराचा आखूड शेपटीचा, गोल तोंडाचा चुलतभाऊ. बंड्याला स्वर्ग सापडला. सकाळी सोडला की दुपारी नाकाला माती लावून परत. त्याने किती व्होल धरले, किती गिळले, याचा हिशेब आमच्याकडे नाही.

परतीची गाडी रविवारी, १७ ऑगस्टला, कॅलेहून, समुद्राखालच्या बोगद्यातून. मधे शुक्रवार १५ ऑगस्ट. फ्रान्समध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या झेंडावंदनाशी तिचा संबंध नाही, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. शुक्रवारी सण म्हटल्यावर शनिवारही जोडून घ्यायचा हे फ्रेंचांना कुणी शिकवायला नको. म्हणून मी सोमवारी, ११ तारखेलाच, चाळीस किलोमीटर खाली उतरून बाजारगावातल्या व्हेटकडे गेले. तसाही त्या दिवशी बाजार करायचाच होता. मोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं, गोळी आज द्या, तारीख बुधवारची घाला. आणि वर आपलं ते हसू हसले, तलाठ्याच्या कचेरीत हसतात तसं.

बाई हसल्या नाहीत. "आज दिली तर आज लिहीन," म्हणाल्या. "बुधवारी या."

मी चिडले. चाळीस किलोमीटर घाट, पुन्हा चाळीस. गोळी तीच, कुत्रा तोच, दोन दिवसांनी असा काय फरक पडणार? हे मी त्यांना विचारलंसुद्धा, जरा आवाज चढवूनच. तेव्हा त्यांनी लेटरहेडचा कागद ओढला आणि एक वर्तुळ काढलं.

वर्तुळात एका बाजूला कोल्हा, दुसऱ्या बाजूला व्होल. एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस नावाचा पट्टकृमी, जेमतेम काही मिलिमीटरचा, कोल्ह्याच्या आतड्यात राहतो. कोल्ह्याला त्याचा त्रास जवळजवळ नाहीच. अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, गवताबरोबर व्होलच्या पोटात जातात, व्होलच्या यकृतात त्यांच्या गाठी होतात, तो व्होल कोल्हा खातो, चक्र पुरं. बाईंनी कोल्हा खोडला आणि तिथे लिहिलं : कुत्रा. मग त्यांनी व्होल खोडला आणि तिथे लिहिलं : माणूस.

मी आपली समजत होते, कुत्र्याला जंत झाले की आपल्याला जंत होतील, मग एक गोळी घेऊ. तसं नाही. या चक्रात माणूस कोल्ह्याच्या जागी नसतो, उंदराच्या जागी असतो. अंडी माणसाच्या पोटात गेली तर जंत आतड्यात होत नाहीत, यकृतात गाठ होते, आणि ती एखाद्या कर्करोगासारखी आजूबाजूला घुसत वाढते. पाच ते पंधरा वर्षं काही कळत नाही. बाईंच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला निघाली होती. कुरणातल्या रानटी डँडेलियनच्या पानांची कोशिंबीर तिकडे घरोघरी आवडीने खातात, त्यातूनच आली असावी असं त्या म्हणाल्या. हा रोग त्या मुलखात इतका घरचा आहे की फ्रान्सचं त्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र बेझाँसॉनच्या रुग्णालयात आहे, आम्ही राहिलो तिथून फार लांब नाही. म्हाताऱ्यांना ऑपरेशन शक्य नव्हतं, ते वर्षानुवर्षं अल्बेंडाझोल घेतायत. अल्बेंडाझोल! आपल्याकडे शाळेत जंतनाशक दिनाला पोरांना चघळायला देतात तीच. पोरांना एक गोळी पुरते, त्यांना रोजची झाली.

आता २४ आणि १२० या आकड्यांचं. कुत्र्याला जी गोळी देतात, त्यात प्राझिक्वांटेल असतं. ते आज पोटात असलेले पट्टकृमी मारतं आणि संपतं. मागे राखण म्हणून काही उरत नाही. उद्या बंड्याने नवा व्होल गिळला की पाटी परत कोरी. म्हणून फार आधी दिलेली गोळी म्हणजे न दिलेलीच. पाच दिवस ही सूट आहे, तीही सगळ्यांच्या सोयीसाठी ताणलेली. आणि किमान २४ तास एवढ्यासाठी की मेलेला ऐवज आणि अंडी बाहेर पडायची ती तिकडेच पडावीत, केंटच्या हिरवळीवर नाही. माझ्या सोमवारच्या गोळीला रविवारपर्यंत सहा दिवस झाले असते, आणि त्यातले सगळे दिवस बंड्या बिळात डोकं खुपसून असणार होता.

बुधवारी पुन्हा गेले. गोळी बाईंनी स्वतः बंड्याच्या जिभेच्या मुळाशी ठेवली, जबडा धरला, गळा चोळला. बंड्याने निमूट गिळल्याचं नाटक केलं, टेबलावरून उतरला आणि वजनकाट्याच्या मागे जाऊन गोळी थुंकली. अख्खी. बाईंनी ती उचलली, चीजच्या तुकड्यात दाबली, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. मग घड्याळ पाहून त्यांनी लिहिलं : १०.१५.

काका, हे मी तुमच्यासाठी लिहिलंय. पावात घातलेली गोळी तुमच्या लॅब्राडॉरने गिळलीच असेल. बहुतेक. पण गोळी डॉक्टरनेच द्यायची हा नियम आपल्यावर अविश्वास दाखवायला नाही केलेला, कुत्र्यांवर दाखवायला केलाय.

मला ठाऊक आहे, आपल्याला हे सगळं जरा फाजील लाडाचं वाटतं. आपण वाढलो ते गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये. मला सातवीत असताना कुत्रा चावला तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, रोज एक, सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून. रेबीज म्हणजे काय ते आपल्याला या देशातल्या लोकांपेक्षा चांगलं कळतं. त्यांना का कळत नाही, तर त्यांनी तो घालवला म्हणून. १९०२ मध्ये ब्रिटनमधून रेबीज संपला होता. १९१८ मध्ये परत आला, महायुद्धाहून घरी येणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर. पुन्हा निपटायला १९२२ उजाडलं. त्या सैनिकांचंही आपापल्या कुत्र्यावर प्रेमच होतं हो. त्यानंतर २८ फेब्रुवारी २००० पर्यंत बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा सहा महिने पिंजऱ्यात क्वारंटाइन. कुत्रा घेऊन पंधरा दिवस फ्रान्सला जाणं ही कल्पनाच कुणी करत नसे. आज आपण पाच कागद आणि एक गोळी यांवर येतोय-जातोय, ते सगळे कागद खरे असतात या गृहीतावर.

पट्टकृमीचं तर याहून अवघड. रेबीज झालेलं जनावर दिसतं तरी. हा किडा इथल्या कोल्ह्यांत शिरला तर कळायलाच काही वर्षं जातील. आणि इथले कोल्हे कुठे असतात? लंडनच्या मागच्या अंगणांत, आपल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात. व्होल तर या देशात ठिकठिकाणी आहेतच. स्वीडनचंही असंच होतं, तेही आपल्यासारखंच परतणाऱ्या कुत्र्यांना गोळी सक्तीची करायचे. २०११ मध्ये तिथे पहिला बाधित कोल्हा सापडला आणि या किड्यापासून मुक्त असलेल्या देशांच्या यादीतून स्वीडन गेलं. आता तिथे शिरताना गोळी लागत नाही. सोय झाली म्हणायची. यादीत उरले फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे आणि आपण. त्या चार देशांतून किंवा उत्तर आयर्लंडमधून थेट आलात तर गोळीचा प्रश्नच नाही. बाकी कुठूनही आलात तर आहे.

नियमाच्या बाजूने एवढं बोलल्यावर, त्याने मला एकदा रडवलंय हेही सांगते. २०२३ मध्ये नॉर्मंडीहून परतताना सगळं वेळेत केलं होतं. कॅलेला पेट रिसेप्शनवरच्या मुलीने बंड्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं, कातडीखालच्या ओळख-चिपचे पंधरा आकडे जुळवले, पानं उलटली आणि थांबली. तारीख होती, सही होती, शिक्का होता, औषधाचं नाव होतं. वेळ लिहिलेली नव्हती. डॉक्टर विसरला आणि मी पाहिलं नाही. मी सांगतेय ना, सकाळी अकरा वाजता! तुमच्या सांगण्याला तिथे किंमत नाही, आणि असूही नये. मग तिथला व्हेट शोधा, पुन्हा गोळी, पुन्हा पैसे, पुढे पूर्ण २४ तास थांबा. हायवेच्या कडेच्या हॉटेलात लसणाची चटणी आणि लांबडा फ्रेंच पाव खात आम्ही रात्र काढली. मुलगा म्हणाला, ही ट्रिपची बेस्ट रात्र. असो. याहून वाईट होऊ शकलं असतं : कागद अपुरे असताना कुत्रा ब्रिटनमध्ये पोचलाच, तर त्याला चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, खर्च आपला.

तेव्हापासून डॉक्टरच्या दारातच उभं राहून मी ते पान वाचते. औषधाचं नाव, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, तारीख, वेळ, सही, शिक्का. आणि बोट ठेवून ठेवून चिपचा नंबर. डॉक्टर कंटाळतात, कंटाळू देत.

आणि दिवस उलटे मोजायचे. गाडीची वेळ धरून मागे या. टोकाला जाऊन बसू नका; ११८ व्या तासाचा हिशेब करून गेलात आणि बोगद्यात गाडी तीन तास रखडली तर काय कराल? मी मधला दिवस धरते, आणि भेटीची वेळ जूनमध्येच फोन करून घेते, कारण ऑगस्टमध्ये निम्मे फ्रेंच डॉक्टर स्वतःच सुट्टीवर असतात. चार दिवसांसाठीच जात असाल तर निघण्याआधी इथल्या व्हेटकडून गोळी देऊन घ्या, तिची नोंद करून घ्या आणि १२० तासांच्या आत परत या, तेही चालतं. मात्र परतल्यावर २८ दिवसांच्या आत आणखी एक गोळी द्यायची. हे शेवटचं बहुतेकजण विसरतात, कारण तेव्हा शिक्का मागायला कुणी नसतं.

कुणी विचारेल म्हणून सांगते, भारतात नेण्याचा नाद आम्ही सोडला. रेबीजसाठी ब्रिटनची देशांची वेगळी यादी आहे, भारत तिच्यात नाही, त्यामुळे परतीसाठी रेबीजची रक्ततपासणी लागते, लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी. ती इथूनच करून निघाला नसाल तर रक्त दिल्यापासून ३ महिने तिकडे थांबा. शिवाय विमानाने ब्रिटनमध्ये कुत्रा आपल्याबरोबर येत नाही, मालवाहतुकीत, कार्गो म्हणून येतो. आईला बंड्या व्हिडिओ कॉलवरच दिसतो. ती त्याला "खाल्लंस का रे" विचारते, तो शेपूट हलवतो, दोघांचं भागतं.

आता मूळ काम. काका, ताई, तुमची नावं मी कुठे घेणार नाही आणि तक्रारही करणार नाही. मीही हसत हसत तेच मागायला गेले होते, हे वर लिहिलंच आहे. पण तुम्ही दोघंही ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात परतलात असं त्या रांगेतच कानावर आलं. म्हणजे अजून २८ दिवस झालेले नाहीत. तिकडे गिळलेला किडा कुत्र्याच्या पोटात वाढून अंडी टाकायला लागायला साधारण चार आठवडे घेतो. हे वाचून झाल्यावर आपापल्या व्हेटला फोन करा आणि प्राझिक्वांटेल असलेली गोळी मागा. काय झालं ते सांगायचं नसेल तर नका सांगू, "नुकतेच फ्रान्सहून आलो" एवढं पुरे. आणि गोळी दिल्यावर पाच मिनिटं सोफ्याच्या मागे बघा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बंड्याची आई

ता. क. ज्युरात राहून कॉम्ते चीज आणलं नाही का, असं दोघींनी विचारलं. नाही आणलं. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, तिकडच्या लाळ-खुरकुताच्या साथीमुळे. गावातल्या दुकानदाराने मोठ्या प्रेमाने दिलेला अर्धा किलोचा तुकडा आम्ही कॅलेच्या पार्किंगमध्ये उभ्याउभ्या संपवला. बंड्याला दोन घास दिले, गोळी न घालता. त्याने दोन्ही आधी हुंगून पाहिले.